आधी 'या' कोण म्हणालं

पाखरांचं कौतुक मला कधी कळलेलं नाही. हजारो कोस उडत येतात म्हणे. येतात तर येतात, त्यात काय एवढं? पंख आहेत, दुसरं काम नाही. मी रोज सकाळी चष्म्याचं दुकान उघडते, दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून नंबर काढते आणि संध्याकाळी सुजलेल्या पायांनी घरी येते. माझ्यासाठी कुणी फाटकात उभं राहून 'या, या' केल्याचं मला आठवत नाही.

आमच्या धाकटीला मात्र त्यांचा भारी पुळका. धाकटी म्हणजे माझी जाऊ. पाऊस सरून हवा कोरडी झाली, की बाईच्या अंगात आलंच म्हणून समजा. अंगण झाडायचं, सडा घालायचा, मातीचं पसरट भांडं घासून त्यात पाणी भरायचं, आणि दुपार कलली की फाटकापाशी जाऊन उभं राहायचं, जणू कुणी मोठा साहेब तपासणीला येणार आहे. मग उत्तरेकडून तो थवा यायचा, कुंपणालगतच्या झाडावर उतरायचा, आणि ही पिकल्या केसांची बाई हात पुढे करून म्हणायची, "या. बसा. पाणी घ्या."

बरं, दिसायला तरी धड असावीत? तीही नाहीत. मातकट रंग, गळ्याशी एक काळा पट्टा, आणि आवाज म्हणाल तर घशात काहीतरी अडकल्यासारखा. "याऽ... याऽ..." दिवसभर तेच. काही आठवडे आमचं अंगण घाण करायचं आणि एका सकाळी दक्षिणेकडे चालतं व्हायचं.

आणि खुळेपणाचा कळस तर त्या सकाळी. आपण कुणाला निरोप देताना 'जा' म्हणतो का? समोरचा 'येतो' म्हणतो, आपण 'या' म्हणतो. ज्याचं तोंड बघायची इच्छा नसते त्यालाही म्हणतो. धाकटी मात्र थवा उठला की अंगणाच्या मधोमध उभी राहून, चार घरांना ऐकू जाईल एवढ्याने ओरडायची, "जा! जा!"

"येताना पायघड्या आणि जाताना हाकलून देतेस?" मी एकदा विचारलं. "हे कुठलं शास्त्र?"

"जाताना 'या' म्हटलं ना ताई, तर कोण कुणाला बोलावतंय ते कळत नाही," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. असल्या माणसाशी वाद घालून आपलीच जीभ झिजते.

तिचं खूळ कुठून आलं ते सांगते. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, असाच पाखरांच्या दिवसांत घरातून गेला. बरीच वर्षं झाली त्याला. सकाळची वेळ होती. मी ओट्याशी होते, धाकटी मोरीत भांडी विसळत होती. अंगणातून त्याचा आवाज आला, "येतो." ती आतूनच म्हणाली, "हं, या." रोजचंच. तो संध्याकाळी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही, आणि पुढे कधीच आला नाही. चौकीवर गेलो तर तिथल्या जमादाराने पोटावरचा पट्टा सारखा करत विचारलं, "जाताना काय म्हणाले?"

"'येतो' म्हणाले."

"मग येतील की."

ही त्यांची अक्कल. माझं मत मी तेव्हाच सांगितलं होतं. पळून गेला. माणसं पळून जातात, त्यात गूढ कसलं? सकाळ-संध्याकाळ 'अहो, हे घातलंत का, अहो, ते खाल्लंत का' करणाऱ्या बायकोपासून मीही पळाले असते. एक गोष्ट तेवढी मला खटकली होती. ओट्यासमोरच्या खिडकीतून तो मला दिसला होता. 'येतो' म्हणताना त्याची घराकडे पाठ होती आणि मान वर, झाडाकडे होती. पण ते मी धाकटीला सांगितलं नाही. आधीच काय कमी खुळं होती तिच्या डोक्यात!

पुढच्या वर्षापासून तिने पाखरांचं हे स्वागत सुरू केलं. मला वाटलं, नवऱ्याची वाट बघते बिचारी, कुठे तरी मन रमवू दे. पण ती वाट बघत नव्हती. ती म्हणायची, "जो आधी 'या' म्हणतो तो यजमान, ताई. ऐकणारा पाहुणा. पाहुणा येतो, बसतो, जातो. तो यजमानाला घेऊन जात नाही. म्हणून आपण आधी म्हणायचं. त्यांना आधी म्हणू द्यायचं नाही."

"पाखरांना?"

"हो."

"बरं," मी म्हणाले आणि आत जाऊन पंखा लावला.

आता आमच्या ह्यांच्याविषयी. माणूस साधा, इतका की राग यावा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागले, कारकून म्हणूनच घरी आले. डावा डोळा जन्मापासून अधू, त्यामुळे काहीही बघायचं तर मान डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने बघायचे. लग्नाच्या फोटोतसुद्धा मान तिरकी. माझा अर्धा संसार "अहो, मान सरळ करा" म्हणण्यात गेला. त्यांचा चष्मा मीच बनवायचे, बाटलीच्या बुडासारख्या काचांचा. तो काढला की ह्यांना न्हाणीघराचं दारसुद्धा सापडायचं नाही.

मागच्या वर्षी नेमकं पाखरांच्या तोंडावर धाकटीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी. ऊन नको, धूळ नको, अंगणात पाऊल नको. तर बाई रडकुंडीला आली. डोळ्यासाठी नव्हे हो, पाखरांसाठी!

"मी म्हणतो की," हे म्हणाले. "त्यात काय? फाटकात उभं राहायचं आणि 'या' म्हणायचं. एवढं जमेल मला."

"आधी म्हणायचं हं, दादा," ती म्हणाली. "ते उतरायच्या आत."

"आधी म्हणतो."

मी त्या दिवशी दुकानातून लवकर आले होते. हे दुपारी जेवून आडवे झाले ते घोरायलाच लागले. कबूल केलेल्या वेळी हा माणूस कधी उठलाय? जागे झाले तेव्हा उन्हं अंगणातून निघून भिंतीवर चढली होती. धडपडत, एकाच पायात चप्पल घालून बाहेर गेले. थोड्या वेळाने हसतच आत आले.

"अगं, ते आधीच येऊन बसले होते! सगळं झाड भरलंय. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, 'या.'"

मीही हसले. का नाही हसायचं? तो आवाज तसाच असतो. दुकानात मी रोज बघते, तक्त्यावरची अक्षरं दिसत नसली तरी लोक ठासून वाचतात, कारण आधीच्याचं ऐकून त्यांना ती पाठ झालेली असतात. कानाचंही तसंच. एकदा मनात भरवून घेतलं की कावळाही आपल्यालाच हाक मारतो.

धाकटी हसली नाही. पट्टी बांधलेला चेहरा तिने आवाजाच्या दिशेने वळवला.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी? मी काय म्हणणार? म्हटलं, 'आलो, आलो.'"

धाकटीच्या हातातली वाटी खाली पडली. सांडलेलं मीच पुसलं, चार शब्द सुनावत.

त्यानंतर हे अंगणातच असायचे. सकाळी मी दुकानात निघताना खुर्ची झाडाखाली, संध्याकाळी येताना खुर्ची झाडाखाली. खुर्चीतही टेकून बसत नसत. अगदी कडेवर, दोन्ही पाय जवळ घेऊन, आता उठतील असे. जेवणावरचं लक्ष उडालं. ताटात चिवडल्यासारखं करायचे आणि हात धुवायचे. हाक मारली तर 'ओ' देत नसत, नुसती मान वळवायचे, चटकन. आणि उन्हं कलली की चेहरा दक्षिणेकडे. आमच्या घराच्या दक्षिणेला दुसऱ्यांच्या न्हाणीघराची भिंत आहे. तिच्यात बघण्यासारखं काय आहे देव जाणे!

"रिकामपण आलंय त्यांना," मी धाकटीला म्हणाले. "निवृत्तीनंतर होतं पुरुषांचं असं. तुझ्या डोक्यातलं काही ह्यांच्या डोक्यात घालू नकोस."

"मी काहीच बोलले नाही, ताई."

"बोलूही नकोस."

एका सुट्टीच्या सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. हे खुर्चीवर. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान आहे, त्याच्या पाटीच्या अगदी खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत परवान्याचा क्रमांक लिहिलाय. तिथे काही लिहिलंय हे मला ठाऊक होतं ते पाटीखालून जाता-येता पाहिल्यामुळे. हे मान जराशी वळवून तो क्रमांक पुटपुटत होते. एकेक आकडा.

मी हातातला टॉवेल तसाच टाकून रस्ता ओलांडला आणि पाटीखाली उभं राहून वाचलं. आकडा बरोबर होता.

"पाठ केलात वाटतं," परत येऊन मी म्हणाले.

"दिसतं," ते म्हणाले.

त्याच दुपारी मी त्यांना दुकानात नेलं. दार लावून घेतलं, खुर्चीत बसवलं, उजवा डोळा झाकला आणि अधू डोळ्याने तक्ता वाचायला सांगितलं. त्यांनी वरून खालपर्यंत वाचला. न अडखळता. मग तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव आहे तेही वाचलं. ते नाव मी स्वतः, माझा चष्मा लावूनही, भिंगाखाली धरल्याशिवाय वाचू शकत नाही, आणि इतकी वर्षं तो तक्ता माझ्या भिंतीवर आहे.

जन्मापासून अधू असलेला डोळा असा सुधारत नाही. ते शक्यच नाही. मी पुन्हा वाचून घेतलं, तक्ता बदलून वाचून घेतलं. शेवटी हे कंटाळून म्हणाले, "जाऊ या ना आता? ते वाट बघत असतील."

"कोण वाट बघतंय?"

ते उठून दाराकडे चालू लागले. घाबरले होते मी, हे कबूल करते. पण घरी येऊन धाकटीपुढे मी ताठच राहिले. ती माझ्या पायाशी येऊन बसली.

"ताई, हात जोडते. थवा उठेपर्यंत दादांना अंगणात जाऊ देऊ नका. आणि तोवर ते 'येतो' म्हणाले तर तुम्ही 'या' म्हणू नका. काही झालं तरी."

"ऊठ. नाटकं नकोत," मी म्हणाले.

पण दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद ठेवलं. अंगणाच्या दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची दाराला लावून तिच्यावर मी बसायला लागले. ह्यांना म्हटलं, बाहेर ऊन फार आहे. ते खिडकीच्या गजांपाशी उभे राहायचे. बाहेर झाडावर दिवसभर तेच चाललेलं असायचं, याऽ, याऽ. माझ्या नवऱ्याला हाका मारणारी ही कोण टिकोजीराव लागून गेलीत, असं मनात यायचं, आणि आपण काय विचार करतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. पाखरांवर जळणारी बाई! हेच बाकी होतं.

मग ती सकाळ आली. एका गिऱ्हाइकाचा चष्मा तातडीने द्यायचा होता, म्हणून तो घरीच दुरुस्त करायला घेतला होता. काडीचा स्क्रू बसवताना हातातून निसटला. तो स्क्रू तिळापेक्षाही लहान. मी दारातली खुर्ची सरकवली, टेबलाखाली वाकले, फरशीवर हात फिरवत शोधत होते. सापडत नव्हता. मी चिडले होते.

कडी वाजलेली मला कळली नाही.

"येतो," हे म्हणाले.

"हं, या," मी टेबलाखालून म्हणाले.

सवय! इतक्या वर्षांची सवय. तोंडातून शब्द गेला आणि मग तो माझ्या कानावर पडला.

मी उठले तेव्हा डोकं टेबलाला आपटलं. दार उघडं होतं. अंगणात ते उभे होते, पाठ घराकडे, मान वर.

मान सरळ होती.

मी "अहो" म्हणाले. नुसतं "अहो". तेवढ्यात थवा उठला. सगळाच्या सगळा, एकदम. धूळ, सुकलेली पानं, पंखांचा आवाज. मी डोळे मिटून घेतले, तेही क्षणभरच.

उघडले तेव्हा झाडाखाली चपलांचा जोड होता. शेजारी-शेजारी, नीट ठेवलेला. उजव्या चपलेत चष्मा होता, काड्या घडी करून.

धाकटी माझ्या मागे उभी होती. ती "जा" म्हणाली नाही. आता कुणाला म्हणणार?

चौकीवर जमादार बदललेला होता. "जाताना काय म्हणाले?" त्याने विचारलं. मी सांगितलं. पुढे तो काय बोलणार ते मला ठाऊक होतं, म्हणून ऐकायला थांबले नाही.

त्यानंतर वर्ष गेलं. मी दुकान बंद करून निघताना शेजारच्या शिंप्याला सांगते, "जाते." तो चपापतो. "ताई, 'येते' म्हणावं," असं म्हणतो. त्याला म्हणावं, तू तुझी बटणं लाव. लोक म्हणतात, बाईचं डोकं फिरलंय. म्हणोत. मी अजूनही सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नवरा सोडून गेला म्हणून बायका काहीबाही रचतात, मी त्यातली नाही. पण 'येते' हा शब्द मी वर्षभर तोंडातून काढलेला नाही. त्या माणसाची आठवण येते का? येते. त्या चिवडलेल्या ताटाचीसुद्धा येते. आला असता तर आधी चांगली खरडपट्टी काढली असती.

परवा पाखरं आली. धाकटी दुपारपासून फाटकात होती. वेळेवर, आधी, स्वच्छ आवाजात तिने "या, बसा" म्हटलं. तिच्या त्या 'या, बसा'ला मी नावं ठेवायचे, ते परवा ऐकून बरं वाटलं. मी खिडकीतच होते.

आज सकाळी मी अंगणात गेले. वाट वगैरे बघायला नव्हे. सतरंजी वाळत घालायची होती. ह्यांचा चष्मा माझ्या पदराच्या टोकात बांधलेला होता, तो काय, असतोच. सतरंजी दोरीवर टाकली आणि बघितलं तर पाण्याच्या भांड्याच्या काठावर एक पाखरू बसलेलं. बाकीची झाडावर, हे एकटंच खाली. माझ्याकडे बघत होतं, मान डावीकडे वळवून.

पाखरं सगळीच तशी बघतात. त्यांचे डोळे बाजूला असतात. मी चष्म्याची बाई, हे मला कुणी शिकवायला नको.

तरी माझ्या तोंडून गेलंच.

"मान सरळ करा."

त्याने मान सरळ केली.

मी तशीच उभी राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. झाडावर एकाचाही आवाज नव्हता. मागून, स्वयंपाकघरातून, धाकटीची हाक आली. रोजच्यासारखी, जरा घाईची.

"ताई, या ना. चहा निवतोय."

"आले, येते," मी म्हणाले.

मग फाटक वाजलं. बाहेरून. हातात भाजीची पिशवी घेतलेली धाकटी फाटकात उभी होती, उन्हातून आल्यामुळे चेहरा लाल झालेला. मी सतरंजी घेऊन बाहेर पडले तशी घराच्या दाराला तिनेच भाजीला जाताना लावलेलं कुलूप तसंच होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग झाडाकडे.

"ताई," ती म्हणाली, "कुणाला म्हणालात?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून माझा चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. पुसता पुसता सहज रस्त्यापलीकडे नजर गेली. औषधांच्या दुकानाच्या पाटीवर, सगळ्यात खाली, परवान्याचा क्रमांक आहे. शेवटचा आकडा जरासा पुसट झालाय.